सेंद्रिय शेतीला प्रोत्साहन द्या, पण बेताने

सेंद्रिय शेतीची फाईल तुमच्या टेबलावर आली आहे, म्हणजे दोन गोष्टी आधीच घडल्या आहेत असे समजा. कुणीतरी मोठ्या व्यासपीठावरून विषमुक्त अन्नाची घोषणा करून मोकळे झाले आहे, आणि त्या घोषणेमागे पैसा उभा करायचे राहून गेले आहे. घाबरून जाऊ नका. सांभाळायला याहून सोपे खाते नाही. सेंद्रिय शेतीच्या विरोधात जाहीरपणे बोलणारा माणूस शोधून सापडत नाही, सगळ्यांच्या माना डोलतात. तुम्ही फक्त एक पथ्य पाळायचे: पाठिंबा भरपूर द्यायचा, पण तो सेंद्रिय शेतीच्या अंगी लागू द्यायचा नाही.

सुरुवात लक्ष्यापासून करा. लक्ष्यात एक टक्का लागतो आणि एक वर्ष लागते. वर्ष शक्यतो शून्याने संपणारे घ्या आणि तोवर तुमची बदली किंवा निवृत्ती झालेली असेल याची खात्री करून घ्या. युरोपीय संघाने 2020 मध्ये जाहीर केले की 2030 पर्यंत पंचवीस टक्के शेतजमीन सेंद्रिय होईल. तेव्हा ती दहा टक्केही नव्हती. भूतानने तर अख्खा देश 2020 पर्यंत शंभर टक्के सेंद्रिय करायचे ठरवले होते. 2020 आले आणि गेले, भूतानची शेती आजही शंभर टक्के सेंद्रिय नाही, आणि त्यासाठी कुणाची खुर्ची गेल्याचे ऐकिवात नाही.

टक्का फारच अंगावर येऊ लागला, तर आधी क्षेत्र मोजायची रीत पाहून घ्या. जगातल्या एकूण सेंद्रिय जमिनीपैकी निम्म्याहून अधिक एकट्या ऑस्ट्रेलियात आहे, आणि त्यातले बहुतेक विस्तीर्ण चराऊ रान आहे. तिथे पूर्वीही कुणी फवारत नव्हते. जिथे काही पिकत नाही तिथे काही बदलावेही लागत नाही, हे लक्षात ठेवलेत की नकाशा हिरवा करायला फार खर्च येत नाही.

आता पैशाकडे वळू, कारण खरी कला इथे आहे. सेंद्रिय शेतीच्या तरतुदीत कपात करण्याचा मूर्खपणा करू नका, बातमी होते. उलट दरवर्षी थोडी वाढ दाखवा. फक्त रासायनिक खतांच्या अनुदानाला हात लावू नका. भारतात 2022-23 साली खतांवरचे अनुदान दोन लाख कोटी रुपयांच्या वर गेले. सेंद्रिय शेतीसाठी 2015 मध्ये सुरू झालेल्या परंपरागत कृषी विकास योजनेचा हिशेब मात्र शेकडो कोटींत चालतो. दोन्ही रकमा एकाच अर्थसंकल्पात गुण्यागोविंदाने नांदतात. सकाळी युरिया स्वस्त करायचा, दुपारी युरिया कमी वापरा म्हणून शिबिर घ्यायचे, दोन्ही खर्च मंजूर.

त्यातही पैसे कसे पोहोचतात तिकडे बारकाईने लक्ष द्या. खताचे अनुदान गोणीच्या किमतीतच मुरलेले असते. गोणी उचलली की ते मिळाले. तुम्ही ती का घेतली, किती टाकली, विहिरीच्या पाण्यात नायट्रेट किती उतरले, असले प्रश्न कुणी विचारत नाही. सेंद्रियचे अनुदान मात्र गटामार्फत, अर्जावर, टप्प्याटप्प्याने, तपासणीनंतर आणि निधी उपलब्धतेच्या अधीन राहून द्यायचे. दोघांनाही मदत केल्याचे समाधान तुम्हाला मिळते. शेतकरी कुठल्या रांगेत उभा राहील हा त्याचा प्रश्न.

रूपांतरणाचा काळ ही तर तुम्हाला आयतीच मिळालेली देणगी आहे. नियम जवळजवळ सगळीकडे सारखा: शेवटचे निषिद्ध रसायन टाकल्यापासून काही वर्षे जावी लागतात, तेव्हा कुठे माल सेंद्रिय म्हणून विकता येतो. युरोपात हंगामी पिकांना पेरणीआधीची दोन वर्षे, फळबागांना तीन. अमेरिकेत काढणीच्या आधी पूर्ण छत्तीस महिने. नियम रास्तच आहे, माती आणि ग्राहक दोघांच्याही हिताचा. पण या काळात काय होते ते बघा. रासायनिक नत्र बंद झालेले असते. शेणखत आणि हिरवळीचे खत सावकाश कुजते, त्यातले नत्र पिकाला खताच्या सवडीने मिळते, आपल्या नाही. तण हाताने काढावे लागते, मजुरी वाढते. उत्पादन उतरते. वेगवेगळ्या अभ्यासांची बेरीज करणाऱ्या शोधनिबंधांत सेंद्रियचे उत्पादन सरासरी 19 ते 25 टक्के कमी आढळले आहे; चांगला फेरपालट आणि मिश्र पिके असली की ही तफावत कमी होते, हेही त्यांतच लिहिले आहे, पण ते पान तुम्ही वाचायलाच हवे असे नाही. एवढे सोसून माल बाजारात येतो तो साध्या मालाच्या भावाने. म्हणजे खर्च आजचा आणि भाव परवाचा.

एखादा सरळमार्गी अधिकारी म्हणेल की मग सरकारने नेमकी हीच दोन-तीन वर्षे भरून काढावीत, घटलेल्या उत्पन्नाच्या प्रमाणात. त्याला शांतपणे दुसऱ्या विभागात पाठवा. मदत द्या, पण पिंप, गाळणी, पुस्तिका आणि प्रशिक्षण यांच्या रूपाने द्या. उत्पन्न घटल्याची भरपाई अशी नोंद कुठल्याही कागदावर येता कामा नये. आणि शेतकरी एकदा प्रमाणित झाला, की दुसऱ्या दिवशी हात झटका: आता बाजार बघून घेईल. फ्रान्सने हे करून दाखवले आहे. तिथल्या सरकारने 2017 मध्ये जाहीर केले की सेंद्रियकडे वळणाऱ्यांना पैसे देऊ, पण वळून तिथेच टिकून राहिलेल्यांच्या मदतीतून केंद्र सरकार अंग काढून घेणार. पुढे महागाईत ग्राहकांनी हात आखडता घेतला, आणि 2023 मध्ये देशाचे सेंद्रिय क्षेत्र वाढायचे सोडून घटले. सेंद्रियकडून परत रासायनिककडे जायला मात्र छत्तीस महिने लागत नाहीत. एक फवारणी पुरते.

याच्या उलट दिशेचे उदाहरण कुणी बैठकीत काढेल. ऑस्ट्रियात साधारण चौथा हिस्सा शेतजमीन सेंद्रिय आहे, आणि तिथे 1990 च्या दशकापासून अशा शेतीला हेक्टरी पैसे नियमित मिळत आले आहेत. वळतानाही आणि वळल्यानंतरही. तुम्ही एवढेच म्हणा, की त्यांचे डोंगर वेगळे आहेत.

प्रमाणपत्राच्या बाबतीत तत्त्व अगदी साधे ठेवा: जो विष टाकत नाही, त्याने ते टाकत नसल्याचे सिद्ध करायचे आणि त्याचा खर्चही त्यानेच सोसायचा. एकदा तपासणीच्या दिवशी शेतावर जाऊन बघाच. ओट्यावर वह्या मांडलेल्या असतात. मागच्या तीन वर्षांत कुठल्या तुकड्यात काय पेरले, बियाणे कुठून आणले, त्याला औषध चोळलेले नव्हते कशावरून, शेणखत कुणाच्या गोठ्यातले, मळणीयंत्र भाड्याने आणले तेव्हा आधी ते कुणाच्या शेतात होते आणि आणल्यावर किती वाजता धुतले. शेतकरी वेळ आठवत असतो, निरीक्षक पेन उघडे धरून बसलेला असतो. तेवढ्यात शेजारच्या रानात पंप सुरू होतो. वारा इकडचा असतो. कीटकनाशकाचा उग्र दर्प ओट्यापर्यंत येतो, दोघेही तिकडे बघतात, आणि निरीक्षक पुढचा प्रश्न विचारतो: तुमचा सुरक्षा पट्टा किती रुंद आहे?

हा पट्टा म्हणजे नियमांतला सर्वात सुंदर भाग. शेजाऱ्याचे विष उडून येऊ नये म्हणून मधे जागा सोडायची असते, आणि ती सेंद्रियवाल्याने स्वतःच्या जमिनीतून सोडायची असते. त्या पट्ट्यात आलेले पीक सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. ज्याचे विष उडते त्याला पट्टा नाही, वही नाही, निरीक्षक नाही. उडवणाऱ्याने आपल्या बांधाआत थांबावे, अशी दुरुस्ती कुणी सुचवली तर ती शेतकऱ्यांमध्ये फूट पाडणारी आहे असे म्हणून परत पाठवा.

प्रमाणपत्राच्या खर्चात सवलत दिलीच पाहिजे असे वाटले, तर अमेरिकेची पद्धत घ्या: आधी शेतकऱ्याने सगळे पैसे भरायचे, नंतर पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत परतावा, तोही ठरावीक मर्यादेत, निधी असेल तर. मात्र त्याच अमेरिकेत वर्षाला पाच हजार डॉलरपर्यंतच सेंद्रिय विक्री असलेल्या छोट्या शेतकऱ्याला प्रमाणपत्रातूनच सूट आहे, हे उगीच सांगत बसू नका. सहभागी हमी पद्धतीचेही नाव काढू नका. तीत शेतकरी आणि ग्राहक एकमेकांच्या शेतावर जाऊन पाहणी करतात आणि खर्च अगदीच नगण्य येतो. ज्या योजनेत निविदा निघत नाही तिचा पाठपुरावा करणार तरी कोण?

व्याख्येची समिती नेमताना जरा जपून. अमेरिकेच्या कृषी खात्याने 1997 मध्ये सेंद्रियच्या नियमांचा मसुदा काढला. त्यात जनुकीय बदल केलेली वाणे, किरणोत्सार देऊन टिकवलेले अन्न आणि सांडपाण्याचा गाळ या तिन्हींना सेंद्रियमध्ये शिरायला वाट ठेवली होती. लोकांनी पावणेतीन लाखांच्या आसपास हरकती पाठवल्या आणि खात्याला तिन्ही गोष्टी वगळाव्या लागल्या. यातून घ्यायचा धडा असा, की हरकतींची मुदत सणासुदीत ठेवावी.

इतका संथपणा तुमच्या स्वभावात नसेल, तर शूरांसाठी दुसरा मार्ग आहे. श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांनी 2019 च्या निवडणुकीत दहा वर्षांत देशाची शेती सेंद्रिय करण्याचे वचन दिले होते. मग परकीय चलनाची चणचण सुरू झाली, खतांची आयात डोळ्यांत खुपू लागली, आणि मे 2021 मध्ये रासायनिक खते आणि कीटकनाशकांच्या आयातीवर एका फटक्यात बंदी आली. दहा वर्षांचे काम एका अधिसूचनेत. एवढ्या शेतीला पुरेल इतके कंपोस्ट देशात नव्हते, शेतकऱ्याला कुणी काही शिकवले नव्हते, भात वावरात उभा होता. चीनहून सेंद्रिय खताचे जहाज मागवले, तर नमुन्यात घातक जिवाणू निघाले म्हणून ते उतरवून घेतले नाही, आणि वाद मिटवताना न उतरवलेल्या खताचे 67 लाख डॉलर मोजले. नोव्हेंबरात बंदी मागे घेतली गेली. तोवर तांदळात स्वयंपूर्ण असलेल्या देशावर तांदूळ आयात करायची पाळी आली होती. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष देश सोडून गेले, अर्थात ते एकट्या खतापायी नव्हे.

या मार्गाचा फायदा तुमच्या लक्षात आला असेलच. सेंद्रिय शेती हळूहळू मारायला पाच-सहा अर्थसंकल्प लागतात, इथे सात महिन्यांत काम झाले. शिवाय आता जगात कुठेही कुणी खताचे अनुदान थोडे वळवा म्हटले, की तुम्ही फक्त "श्रीलंका" एवढेच म्हणायचे. वाक्य पूर्ण करायचीही गरज नाही.

कुणी उलट सिक्कीम म्हणालाच, तर तयारीत असा. सिक्कीमने 2003 मध्ये विधानसभेत ठरवले, खतांवरची सवलत एकदम न तोडता वर्षावर्षाने उतरवत नेली, मधल्या काळात गांडूळखताची आणि बियाण्यांची सोय लावली, आणि जानेवारी 2016 मध्ये संपूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून घोषणा झाली. तेरा वर्षे! एका निवडणुकीत न मावणाऱ्या गोष्टीला धोरण कसे म्हणायचे? तिथल्या शेतकऱ्यांच्या बाजारपेठेच्या तक्रारी अजून आहेत, त्या मात्र तोंडपाठ ठेवा. उपयोगी पडतात.

सगळ्यात सावध राहायचे ते सरकारी स्वयंपाकघरापासून. शाळा, रुग्णालये, वसतिगृहे, तुरुंग, सगळीकडे रोज सरकारच धान्य आणि भाजी घेते, म्हणजे सर्वात मोठे गिऱ्हाईक तुम्हीच आहात, हे शेतकऱ्यांच्या ध्यानात येऊ देऊ नका. डेन्मार्कने 1987 मध्येच सेंद्रिय शेतीचा कायदा केला, थोड्याच काळात सरकारी चिन्ह आणले आणि ते लोकांच्या ओळखीचे झाले. इथपर्यंत ठीक, चिन्ह आपणही काढू. पण पुढे कोपनहेगन महापालिकेने आपल्या पाळणाघरांत, शाळांत आणि वृद्धाश्रमांत सेंद्रिय माल घ्यायला सुरुवात केली आणि तो हिस्सा नव्वद टक्क्यांच्या आसपास नेला. अन्नाचे बजेट न वाढवता. आचाऱ्यांना प्रशिक्षण दिले, तयार पाकिटे कमी केली, मांस कमी केले, हंगामातली भाजी घेतली, वाया जाणारे अन्न वाचवले, आणि वाचलेल्या पैशातून महाग माल घेतला. शेतकऱ्याला पेरणीआधीच कळू लागले की आपला माल कोण घेणार. इतके कळल्यावर तो सेंद्रिय सोडेल कशाला?

म्हणून खरेदीच्या निविदेत "सर्वात कमी दर" हे शब्द कोरून ठेवा. फारच दबाव आला तर फ्रान्ससारखे करा: 2018 मध्ये कायदा केला की 2022 पासून सार्वजनिक भोजनालयांत वीस टक्के सेंद्रिय अन्न असेल. ती तारीख उलटली आणि टक्का बराच मागे राहिला, कारण न पाळल्यास काय, ते कायद्याने फारसे मनावर घेतले नव्हते.

मधेमध्ये एखादी परिषद घ्या, ती कृपा करून वातानुकूलित ठेवा. सेंद्रियवर बोलायला शास्त्रज्ञ बोलवा, पण संशोधनाचे पैसे त्यांना देऊ नका. रासायनिक खताला प्रतिसाद देणारी म्हणून निवडलेली वाणेच सेंद्रिय शेतात लावून उत्पादन मोजले की आकडे तुम्हाला हवे तसे येतात.

आणि तीन वर्षांनी गटातले निम्मे शेतकरी गळाले, की मूल्यमापन अहवालात त्याचे कारण "शेतकऱ्यांमध्ये जागरूकतेचा अभाव" असे लिहा. त्या शीर्षाखाली पुढच्या वर्षीची तरतूद लगेच मागता येते, आणि ती बहुधा पूर्ण खर्चही होते.