‘डोंगरातल्या म्हाताऱ्यांना बीपी नसतो’: एका संदेशाचा प्रतिवाद

‘सातपुड्यातले भिल्ल-पावरा म्हातारे शुद्ध हवेवर आणि ज्वारीच्या भाकरीवर शंभरी गाठतात, त्यांना बीपी-शुगर ठाऊक नसते, शिवाय सत्तरीनंतर पाच लाखांपर्यंतचे उपचार फुकट आहेतच,’ अशा आशयाचा मजकूर खान्देशातल्या व्हॉट्सॲप गटांवर कौतुकाने पुढे पाठवला जातो. त्यातले एकही विधान तपासणीला जसेच्या तसे टिकत नाही.

प्रथम शंभरी. ज्या पिढीच्या जन्माची नोंदच झाली नाही, तिचे वय अंदाजाने सांगितले जाते. आदिवासी आरोग्याविषयीच्या तज्ज्ञ समितीच्या (अध्यक्ष डॉ. अभय बंग) २०१८ च्या अहवालात आदिवासींचे सरासरी आयुर्मान ६३.९ वर्षे, तर सर्वसाधारण लोकसंख्येचे ६७ वर्षे दिले आहे. साठीच्या आत गेलेली माणसे व्हायरल छायाचित्रांत दिसणार नाहीत, हे उघड आहे.

बीपीचे म्हणाल तर त्याच अहवालानुसार दर चार प्रौढ आदिवासींपैकी एकाला उच्च रक्तदाब आहे आणि क्षयरोगाचे प्रमाण लाखामागे ७०३ आहे, जे इतरांत २५६ आहे. ‘ठाऊक नसते’ हे मात्र एका अर्थी खरेच, कारण जो दाब कोणी मोजलाच नाही तो ठाऊक कसा होणार?

मोजला का जात नाही, हा खरा प्रश्न. डोंगरी व आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, मैदानात ३० हजारांमागे, असा निकष आहे. कागदावर तो उदार वाटतो, पण तो माणसे मोजतो, अंतर मोजत नाही. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी-अक्कलकुवा तालुक्यांतल्या विखुरलेल्या पाड्यांवरून आजाऱ्याला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते आणि झोळीला खांदा देणारे तरुण दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेले असतात. दवाखान्यात पोहोचल्यावरही भिली किंवा पावरीत सांगितलेले दुखणे डॉक्टरांना कळायला दुभाष्या लागतो. आपली अहिराणीसुद्धा तिथे कामाला येत नाही.

उरला फुकट उपचारांचा मुद्दा. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीवरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेचे संरक्षण मिळाले, हे चांगलेच झाले. मात्र ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे; रोज घ्यायच्या रक्तदाबाच्या गोळीसाठी किंवा जीपच्या भाड्यासाठी नाही. शिवाय वयाचा पुरावा आधार कार्डाचाच धरला जातो. तिथे वय अंदाजाने चार वर्षे कमी लागले असेल, तर सत्तरी ओलांडलेल्या माणसालाही आयुष्मान कार्डासाठी थांबावे लागते.