एका 'टुक'साठी

रविवारी संध्याकाळी सातच्या सुमारास माझी इज्जत गेली. ज्यांनी घालवली ते वय वर्षं ७४, डाव्या कानाने जरा कमी ऐकतात आणि त्यांच्या घरी टीव्हीचा आवाज टीव्हीतूनच येतो. हे जास्त लागलंय.

पार्श्वभूमी पटकन उरकतो. आठ महिन्यांपूर्वी बोनसचे पैसे आले, मी बायकोला वॉशिंग मशीनचं आश्वासन दिलं आणि एव्ही रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारं खोकं), पाच स्पीकर, एक सबवूफर आणि ब्लू-रे प्लेअर घेऊन आलो. तेव्हापासून ऑफिसात डबा खाताना मी लोकांना लॉसलेस ऑडिओ, म्हणजे काहीही न कापलेला आवाज, समजावतो. लोक हल्ली डबा लवकर संपवतात. तर मेहुणा न्यू जर्सीहून आला तो एका सिनेमाची डिस्क घेऊन आला, जी माझ्याकडे आधीच होती. पण माझ्या डिस्कवर डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ आणि त्याच्या डिस्कवर डॉल्बी ट्रूएचडी! रिजन-फ्रीही, म्हणजे कुठल्याही देशाच्या प्लेअरवर चालणारी, निघाली, नाहीतर तिकडची ए रिजनची डिस्क आपल्या सी रिजनच्या प्लेअरवर लावायची म्हणजे चर्चगेटचा पास घेऊन सीएसएमटीला उभं राहण्यासारखं. एकच सिनेमा, एकच सीन, लॉसलेसचे दोन फॉरमॅट. असा योग पुन्हा येत नाही. मी पडदे ओढले, पंखा बंद केला, बायकोला कुकर लावू नको म्हणालो (ते तिने ऐकलं नाही) आणि पहिला स्फोट होतोय तोच बेल वाजली.

दारात खालच्या मजल्यावरचे काका.

"अरे, आमच्या देव्हाऱ्यातला बाळकृष्ण सरकतोय."

आता याला काय उत्तर द्यायचं? मी सॉरी म्हणालो. काका म्हणाले, सॉरीचं सोड, गेल्या आठवड्यात तो अन्नपूर्णेपर्यंत आला होता, आज शंखाला टेकला, हे करतंय कोण ते बघायला आलोय. आणि चपला काढून थेट आत.

या काकांबद्दल सांगायला हवं. ते सरकारी छापखान्यात मुद्रितशोधक होते. एकतीस वर्षं. सोसायटीच्या नोटीस बोर्डावरचा प्रत्येक कागद ते लाल पेनाने तपासतात. 'पाणि येणार नाही' या नोटिशीतली वेलांटी त्यांनी दीर्घ केली आणि मग पाणी का येणार नाही ते विचारायला सेक्रेटरीकडे गेले. लग्नपत्रिका दिली की आहेर नंतर, आधी शुद्धलेखन. अशा माणसाला मी सोफ्यावर बसवून चहा दिला. माझीच चूक.

"किती स्पीकर आहेत?"

"फाइव्ह पॉइंट वन."

"म्हणजे पाच पूर्णांक एक दशांश." काकांनी खोलीभर नजर फिरवली, बोटाने पाच मोजले. "आणि दशांश कुठला?"

मी सबवूफर दाखवला. कोपऱ्यातलं ते धूड, वर बायकोने क्रोशाचा रुमाल आणि मनीप्लांट ठेवलेलं.

"हा? सगळ्यात मोठा हा, आणि याचा हिशोब दशांश?"

मी सांगितलं की काका, तो चॅनेल फक्त खालचे सूर वाजवतो, साधारण १२० हर्ट्झपर्यंतचे, बाकीचे पाच पूर्ण पट्टी वाजवतात, म्हणून याला पूर्ण आकडा दिला नाही. काका म्हणाले, "म्हणजे देव सरकवतो तो दशांश." आणि त्याच्याकडे असं बघितलं की मला उगाच त्याची बाजू घ्यावीशी वाटली.

मग त्यांनी विचारलं तू नेमकं करतोयस काय, आणि मी, इतके महिने श्रोता न मिळालेला माणूस, सुटलो. म्हटलं, काका, डीव्हीडीवर डॉल्बी डिजिटल असायचं सेकंदाला ४४८ किलोबिटपर्यंत, ब्लू-रेवर तेच ६४० पर्यंत जातं, जुनं डीटीएस १५०९, पण हे सगळे लॉसी. म्हणजे कानाला कळणार नाही असं वाटतं तेवढं कापून टाकलेलं. नऊवारी कापून पाचवारी केल्यासारखं. आणि ट्रूएचडी किंवा मास्टर ऑडिओ म्हणजे नऊवारीची नुसती घडी. उलगडली की स्टुडिओतला धागान् धागा परत, ट्रूएचडीला १८ मेगाबिटपर्यंत मुभा, मास्टर ऑडिओला साडेचोवीस.

"बरं. आणि नेसल्यावर बघणाऱ्याला कळतं का, कापलेली की अखंड?"

"... सगळ्यांना नाही कळत."

"तुला कळतं?"

"हो तर!"

हे 'हो तर' मी परत घेऊ शकलो असतो तर बरं झालं असतं.

बरं, मी तिथेही थांबलो नाही. मास्टर ऑडिओच्या पोटात जुनं डीटीएस कसं बसलेलं असतं, जुना रिसीव्हर तेवढंच उचलतो आणि नव्याला उरलेलं मिळून पूर्ण लॉसलेस मिळतं, हे सांगितलं. काका म्हणाले मूळ ग्रंथ आणि पुरवणी. अगदी बरोबर! मग मी १९९३ वर गेलो, ज्युरासिक पार्कसोबत डीटीएस थेटरात आलं तेव्हा सहा चॅनेलचा तो आवाज फिल्मच्या पट्टीवर नव्हताच, वेगळ्या सीडीवर होता, फिल्मवर फक्त वेळेच्या खुणा, आणि त्या वाचून सीडी सिनेमाच्या मागे धावायची. "ग्रंथ एका पिशवीत, शुद्धिपत्र दुसऱ्या," काका म्हणाले, "आमच्याकडे असलं शुद्धिपत्र हमखास दुसऱ्याच पुस्तकाबरोबर जायचं." मला वाटलं, मिळाला, माझा माणूस मिळाला.

मग चाचणी. आधी मेहुण्याची ट्रूएचडी, मग माझी मास्टर ऑडिओ, तोच तीन मिनिटांचा सीन. मधे डिस्क बदलायची, कंपनीचा लोगो, पायरसीची धमकी, ती स्किपही होत नाही. पैसे देऊन डिस्क घेणाऱ्यालाच चोरी करू नकोस म्हणून सांगणं हा काय प्रकार आहे मला कळलेलं नाही, चोराच्या कॉपीत ही धमकी नसते. असो.

काका म्हणाले, "दुसरी चांगली."

"का?"

"आवाज मोठा आहे."

याच क्षणाची मी वाट बघत होतो. म्हटलं काका, बरोब्बर हीच चूक जगभर लोक करतात! डॉल्बीच्या ट्रॅकवर संवादांची पातळी नोंदलेली असते, डायलनॉर्म म्हणतात त्याला, ती वाचून डिकोडर अख्खा ट्रॅक थोडा खाली घेतो, नोंद उणे २७ ची असली तर चार डेसिबलने खाली. त्यामुळे डीटीएस नुसतं मोठं वाजतं आणि मोठं ते कानाला गोड, म्हणून तुलना करायची तर आधी आवाज समान पातळीवर आणायचा. मी उभा राहून, हातवारे करून, बायको कुकरची शिट्टी मोजता मोजता बाहेर येऊन बघून गेली इतक्या तन्मयतेने हे सांगत होतो, आणि काका माझ्याकडे बघतच नव्हते. ते उठून रिसीव्हरपाशी गेले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्याच वर्षी झालंय त्यांचं, दोन्ही डोळ्यांचं.

"हे कोणतं वाजतंय म्हणालास?"

"डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ."

"इथे नुसतं डीटीएस आहे. एचडी पडलंय."

डिस्प्ले मी पहिल्या दिवसापासून मंद करून ठेवलेला, अंधारात निळा उजेड डोळ्यात जातो, थेटरचा फील जातो. मी गुडघ्यावर बसून बघितलं. डीटीएस. बास. पुढे काही नाही. मेहुण्याची डिस्क परत लावली. 'डॉल्बी डी'. ट्रूएचडीचा पत्ता नाही.

"छपाईत अक्षर पडलं की आम्ही काकपद घालायचो," काका म्हणाले. माझ्या पोटात खड्डा पडला होता.

पुढचा तास मेनूत गेला. एचडीएमआय केबल तपासली. ऑप्टिकल केबलमधून लॉसलेस सराउंड जात नाही हे मला माहीत होतं, म्हणून तर एचडीएमआयवाला रिसीव्हर घेतला. बिटस्ट्रीम, म्हणजे प्लेअरने ट्रॅक न उलगडता रिसीव्हरकडे पाठवायचं सेटिंग, होतं. सगळं होतं. शेवटी ऑडिओच्या मेनूत, तिसऱ्या पानावर, खालून दुसरी ओळ. सेकंडरी ऑडिओ : ऑन.

हे काय असतं ते ऐका. काही ब्लू-रेमध्ये सिनेमा चालू असताना कोपऱ्यात छोट्या खिडकीत दिग्दर्शक येऊन बोलतो. मी आयुष्यात एकदाही ती खिडकी उघडलेली नाही. पण तो आवाज, आणि डिस्कच्या मेनूत बटण दाबलं की येणारा 'टुक', हे मूळ आवाजात मिसळायचे तर प्लेअरला मूळ ट्रॅक जसाच्या तसा पुढे पाठवता येत नाही. तो मिसळतो आणि साधं डॉल्बी नाहीतर साधं डीटीएस करून देतो. दिग्दर्शक येवो न येवो. म्हणजे एका 'टुक'साठी आठ महिने मी घरात पाचवारी नेसत होतो आणि ऑफिसात नऊवारीवर प्रवचन देत होतो. आणि मघाचं डायलनॉर्मचं भाषण ज्या ट्रॅकबद्दल होतं, तो तेव्हा वाजतच नव्हता.

हे फॅक्टरीतूनच ऑन होतं, मी हात लावलेला नाही. खोक्यावर ट्रूएचडीचा लोगो मोठा, दुकानातल्या पोराने "सर, फुल लॉसलेस" म्हणून पैसे घेतले, आणि लॉसलेस ऐकायचं तर आधी काहीतरी बंद करावं लागतं हे माहितीपुस्तिकेत एका ओळीत, तेही मुंगीच्या पावलाच्या टायपात. आणि पर्याय तरी काय आहे? ओटीटीवर ॲटमॉसची, म्हणजे डॉल्बीच्या डोक्यावरूनही येणाऱ्या आवाजाची, पाटी झळकते, पण तो बहुतेक वेळा डॉल्बी डिजिटल प्लस या लॉसी गाडीत बसून आलेला असतो आणि ती गाडी सहसा ७६८ किलोबिटच्या आतच धावते. मराठी सिनेमा ब्लू-रेवर शोधायला जा, दुकानदार आपल्याकडे दयेने बघतो. पैसे मोजून परदेशी सिनेमाची डिस्क घ्यायची आणि वर ती 'टुक'ने खायची! यात हसण्यासारखं मला अजून काही सापडलेलं नाही.

ऑफ केलं. डिस्प्लेवर उमटलं, 'डीटीएस-एचडी एमएसटीआर'.

काकांनी अक्षरं लावून वाचलं. "मिस्टर का मास्तर?"

"मास्टर."

"मग स्वर का खाल्ले? जागा आहे की पुढे." आणि मग, "लाव आता. बघू नऊवारी."

लावलं. तोच सीन. मी डोळे मिटले, मान हलवली, एकदा 'अहाहा'ही म्हणालो.

"काय फरक?"

"काका, म्हणजे आता... हवा जास्त आहे. मोकळं वाटतंय."

"पंखा लावलाय तिने आत्ता."

लावला होता. स्वयंपाकघरातून घाम पुसत येऊन बायकोने बटण दाबलं होतं, माझे डोळे मिटलेले असताना. ती हसली नाही. वॉशिंग मशीन मिळालेलं नाही अशी बाई अशा वेळी हसत नाही, नुसती उभी राहते.

खरं सांगायचं तर मला फरक कळला नाही. अजून कळलेला नाही. रोज रात्री सगळे झोपल्यावर बटण ऑन करतो, ऑफ करतो, कान सबवूफरच्या मनीप्लांटपर्यंत नेतो. ऑफिसात हे सांगितलेलं नाही, डबा मी हल्ली जागेवरच खातो.

परवा काका परत आले. बाळकृष्णाखाली रबराची चकती लावली म्हणाले, आता हलत नाही, वाजव तू. चहा घेतला, डिस्प्ले मोठ्याने वाचला, मी डिस्क लावली, मेनू आला, बटण दाबलं. खोलीत शांतता.

काका उजवा कान पुढे करून बसले होते.

"अरे, त्या दिवशी ते टुक व्हायचं, ते कुठे गेलं? ते मला स्पष्ट ऐकू यायचं."