हतर म्हणजे चार

"मालदीव आणि श्रीलंका म्हणजे आपण आणि चीन यांच्यात टोलवला जाणारा चेंडू," पक्या म्हणाला आणि मी चहाचा ग्लास खाली ठेवला. हे असलं बोलणं मला खरंच लागतं.

"आपल्याला मधे न घेता त्या दोघांकडे कधी बघणार तू? 26 जुलै 1965ला मालदीव स्वतंत्र झाला, तेव्हा करारावर सह्या कोलंबोत झाल्या. आजही मालदीवच्या राजधानीतला, मालेचा माणूस शिकायला, ऑपरेशनला कोलंबो गाठतो. भाषाही बहिणी-बहिणी. चारला सिंहलीत हतर, मालदीवच्या धिवेहीत हतरे."

"आणि 1988?" मास्तरांनी अडवलं. "3 नोव्हेंबरला मालेवर चालून गेले ते श्रीलंकेतले तमिळ बंडखोरच ना? आपलं सैन्य गेलं म्हणून मालदीवचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष गयूम वाचले."

"हो मास्तर. पण कट मालदीवच्याच अब्दुल्ला लुथुफीचा, भाड्याची माणसं 'प्लोट' या तमिळ बंडखोर संघटनेची. कोलंबोचं सरकार स्वतःच त्या बंडखोरीत पोळत होतं. म्हणून तर एवढं होऊनही संबंध तुटले नाहीत."

अण्णा मालवणचे, त्यांना राजकारणात रस नाही. "खातात काय ते सांग."

मग उंबलकडवर आलो. मालदीवचा कुपा मासा उकडायचा, धुरी द्यायची, लाकडासारखा टणक होईतो वाळवायचा. श्रीलंकेत तो कुटून खोबऱ्याच्या सांबोलात पडतो.

"म्हणजे आमची सुकटीची चटणी!" अण्णा खूश. पिढ्यान् पिढ्या चाललेला हा व्यापार मला कुठल्याही संयुक्त निवेदनापेक्षा मोठा वाटतो.

पक्या मात्र हटेना. "13 जुलै 2022ला, देश आर्थिक संकटात असताना, श्रीलंकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे लष्करी विमानातून मालेलाच पळाले. कोलंबोत माणसं पेट्रोलच्या रांगेत, आणि मालदीवनं आसरा कोणाला दिला?"

त्याच वर्षी मे महिन्यात श्रीलंकेच्या पंतप्रधानांनी परदेशी मदत जमवण्याचं काम मालदीवच्या संसदेचे सभापती मोहम्मद नाशीद यांच्यावर सोपवलं होतं, हे मी सांगितलं. शेजाऱ्याच्या सभापतीवर एवढा विश्वास कोण टाकतं? पण पक्याच्या प्रश्नाला ते उत्तर नव्हतं. ते विमान उतरू द्यायला नको होतं, असं मलाही वाटतं.

"मालेत तेव्हा काहीच झालं नाही?" मास्तरांनी विचारलं.

झालं. तिथे राहणारे श्रीलंकेचे लोक आपले झेंडे घेऊन रस्त्यावर आले, राजपक्षेंना थारा देऊ नका म्हणत. दुसऱ्या दिवशी राजपक्षे सिंगापूरला गेले.