तुरटीने पाणी निवळतं, पातं नाही

श्रावण संपत आला की आमच्या बाजारातल्या सलूनसमोरचं बाकडं भरतं. महिनाभर राखलेल्या दाढ्या गणपतीच्या आत उतरवायच्या असतात, त्यात मुंबईहून उतरलेले चाकरमानी. आणि नेमका ह्याच सुमाराला एक फॉरवर्ड फिरायला लागतो. यंदा तो मला भावकीच्या ग्रुपवर, दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर आणि बंदरावरच्या ग्रुपवर असा तीनदा आला. सार असं: आपल्या आजोबांनी तोंडाला कधी काही लावलं नाही तरी कातडी तुकतुकीत होती. दाढीनंतर तुरटी फिरवली की सगळे जंतू मरतात. पोरांनी लवकर वस्तरा लावला की दाढी दाट येते. काळपटपणाला लिंबू आणि मीठ चोळा. खोबरेल तेल हेच कोकणचं सनस्क्रीन, बाजारातल्या सनस्क्रीनने कॅन्सर होतो. एवढं करूनही डाग राहिलेच तर मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणा, रात्री लावा, आठ दिवसांत फरक.

मी बंदराजवळ मेडिकल चालवतो, वीस वर्षं होऊन गेली. ह्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ मी काउंटरपलीकडे कुणाच्या ना कुणाच्या तोंडावर पाहिलेली आहे.

आधी आजोबा. माझे आजोबा रोज दाढी करतच नसत. गावातले नाभिक आठवड्या-पंधरवड्याने धोकटी घेऊन पडवीत यायचे, चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा परजायचे, आणि ह्याचं बलुतं म्हणजे भात झोडून झाल्यावर खळ्यावरून न्यायचं भात. पंधरा दिवसांतून एकदा पातं फिरलेल्या गालाची तुलना रोज सकाळी घाईत, कोरड्या तोंडावर, महिनाभर तेच रेझर ओढणाऱ्या गालाशी कशी करायची? आणि 'काही लावलं नाही' हे तर साफ खोटं. थंडीत ओठ आणि टाचा फुटल्या की मुठेल लावायचे. म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. बिया कुटून पाण्यात उकळायच्या, वर तरंगलेलं तेल काढायचं आणि घट्ट होत आलं की मुठीत दाबून गोळे करायचे, म्हणून मुठेल. दिवाळीत तेल नि उटणं असायचं. डोक्यावर बाराही महिने काहीतरी: टोपी, कांबळं, पावसात इरलं. आणि तुकतुकीत? भिंतीवरच्या फोटोत आजोबा समोरून दिसतात. मला त्यांची मान मागून आठवते. मे महिन्यात भेगाळलेल्या भाताच्या कुणग्यासारखी होती ती. उन्हाने कातडीची ती गत होते.

आता तुरटी. ह्या मुद्द्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथे अर्धं खरं आहे आणि अर्धं खरंच जास्त गोत्यात आणतं. तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि अॅल्युमिनियमचा क्षार. ओल्या गालावर फिरवली की कातडीच्या वरच्या थरातली प्रथिनं आकसतात, बारीक काप मिटतात, रक्त थांबतं. काही जिवाणूंची वाढही ती थोडीफार रोखते. (तुरटी म्हणजे 'केमिकल' नाही असं वाटणाऱ्यांनी मागचं वाक्य पुन्हा वाचावं.) घरच्या दाढीला, स्वतःची तुरटी स्वतःच्या गालावर, ह्याला माझी काडीची हरकत नाही. मी स्वतः तेच करतो.

पण 'सगळे जंतू मरतात' हे कुठून आलं? पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ झालं की आई कळशीत तुरटी फिरवायची. गाळ खाली बसायचा, पाणी आरशासारखं निवळायचं. तरी ती ते उकळूनच प्यायला द्यायची. निवळणं वेगळं आणि निर्जंतुक होणं वेगळं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

सलूनमधला प्रकार असा चालतो. सकाळपासून पंचवीस-तीस गाल. प्रत्येकाला कुठे ना कुठे बारीक टोचलेलं, आणि त्या सगळ्यांवरून एकच तुरटीचा खडा. हिपॅटायटिस बी हा काविळीचा विषाणू शरीराबाहेर, सुकलेल्या रक्तातसुद्धा, निदान सात दिवस टिकतो, आणि तो पसरायला डोळ्यांना दिसेल एवढं रक्त लागत नाही. तुरटीने तो मरेल ह्या भरवशावर मी तरी माझा गाल देणार नाही. दाढीतल्या नायट्याचंही तेच: ब्रश, टॉवेल, झीरो मशीन, जे आधीच्याला लागलं ते पुढच्याला. आमचा सलूनवाला गिऱ्हाइकासमोर कागदासकट पातं मोडतो आणि अर्धं वस्तऱ्यात बसवतो. खुर्चीत बसल्यावर मोबाइलमधून डोकं काढून एवढं बघायचं. तुरटीचा खडा साबणाच्या छोट्या डबीत घालून घरून न्यायचा. कोणी हसत नाही, आणि हसलं तर हसू दे. ज्यांना लहानपणी हिपॅटायटिस बीची लस मिळालेली नाही, म्हणजे आमच्या वयाचे बहुतेक सगळे, त्यांनी डॉक्टरांना विचारून ती घ्यावी. तीन डोस असतात: पहिला, महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा.

दाट दाढीचा मुद्दा दोन ओळींचा. केसाचं मूळ कातडीच्या आत, पातं फिरतं बाहेर. आतल्याला बाहेरची खबर नसते. कापलेल्या केसाचं टोक बोथट राहतं म्हणून हाताला खुंट जाड लागतो, एवढंच. अमेरिकेत मिल्ड्रेड ट्रॉटर ह्या संशोधक बाईंनी १९२८ मध्येच दाढीचे केस गोळा करून, मोजून-मापून हे दाखवलं होतं. सोळाव्या वर्षी ज्याला मिशी फुटली नाही त्याच्या बापाला आणि मामाला कधी फुटली ते विचारा. वस्तऱ्याला नका विचारू. उलट ज्यांचे केस कुरळे आहेत त्यांनी सलूनमध्ये 'उलटा हात मारू?' ह्या प्रश्नाला नाहीच म्हणावं. फार खोल कापलेला कुरळा केस वाढताना वळून कातडीतच घुसतो आणि मानेवर पुळ्यांची रांग उठते.

लिंबू मात्र हसण्यावारी नेण्याचा विषय नाही. ऑगस्टात मासेमारीची बंदी उठली आणि होड्या समुद्रात गेल्या, त्याच आठवड्यात एक ओळखीचा पोरगा दुकानात आला. दोन्ही गालांवर आणि कपाळावर ओघळाच्या आकाराचे तपकिरी पट्टे, एका ठिकाणी पाण्याचा फोड. ओघळ जिथून गेला तिथेच काळं, बाकी गाल जसाच्या तसा.

"ह्या काय केलंस तोंडाचा?"

"लिंबू लावलंय, काकानू. मोबायलात इल्ला."

लिंबाच्या रसात, सालीत तर जास्तच, फ्युरोकूमरिन नावाची द्रव्यं असतात. ती कातडीवर असताना ऊन पडलं की उन्हातल्या अतिनील किरणांनी ती चेततात आणि कातडी भाजते. एक-दोन दिवसांत लाली नाहीतर फोड, आणि मग महिनोन् महिने टिकणारे डाग. काळपटपणा घालवायचा उपाय, आणि त्यातून आला नवा काळपटपणा. वरून मिठाचे खडे चोळले की कातडी सोलवटते ती वेगळीच. लिंबू माशाला लावावं.

खोबरेल तेलावर बोलायचं म्हणजे कोकणात घरच्यांशी भांडण. कोरड्या कातडीला ते उत्तम आहे. पण ज्याचं तोंड मुळातच तेलकट, त्याच्या तोंडावर ते छिद्रं बुजवतं आणि मुरमं वाढवतं. छातीवर, पाठीवर, मानेवर पांढुरकी शिबं उठतात ना, ती ज्या बुरशीमुळे येतात ती तेलावरच पोसते. दमट हवा, घाम आणि वर तेल, म्हणजे तिला जेवणाचं ताट वाढल्यासारखं. सनस्क्रीन म्हणून? प्रयोगशाळेतल्या चाचणीत खोबरेल तेलाचा एसपीएफ, म्हणजे ऊन अडवण्याचा आकडा, सात-आठच्या घरात आलेला आहे. होडीवर घामाने निथळणाऱ्या माणसाच्या गालावर तेवढाही टिकत नाही.

'सनस्क्रीनने कॅन्सर' ह्या ओळीत एक धागा खरा आहे. २०२१ मध्ये अमेरिकेत काही फवाऱ्याची सनस्क्रीनं बेंझीन हे कॅन्सर करणारं रसायन सापडल्यामुळे परत मागवली होती. ती उत्पादनातली भेसळ होती, सनस्क्रीनचा घटक नव्हे. दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रेलियात नॅम्बर गावच्या सोळाशेवर लोकांवर १९९२ पासून साडेचार वर्षं प्रयोग झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत कातडीचा एका प्रकारचा कॅन्सर चाळीस टक्क्यांनी कमी निघाला. ते लोक गोरे, आपल्याला मुळात तो धोका कमी, हेही सांगायला हवं. पण सावळ्या कातडीला ऊन लागतच नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा जेट्टीवर येऊन खलाशांची तोंडं पाहावीत. गालांवर वांग, खालचा ओठ कायम सोललेला, आणि कित्येकांच्या डोळ्यात पांढऱ्यावरून बुबुळाकडे सरकत आलेला मांसाचा पडदा. समुद्रावर ऊन वरून येतं तसं लाटांच्या फेसावरून खालूनही येतं. तरी बारा तास होडीवर असणाऱ्याला मी आधी रुंद काठाची टोपी आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट सांगतो, सनस्क्रीन नंतर. दर दोन तासांनी जाळं सोडून कोण लावत बसणार? बाइकवरून बँकेत जाणाऱ्याने मात्र एसपीएफ ३० चं लावावं, चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं. वाटाण्याएवढं लावून 'काही फरक नाही' म्हणू नये.

राहिली खाजेची ट्यूब. 'केमिकल टाळा' म्हणत निघालेला फॉरवर्ड शेवटच्या ओळीत माझ्याच दुकानातलं सगळ्यात जालीम औषध सुचवतो. बहुतेक अशा ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, जिवाणूंचं औषध आणि कडक स्टेरॉइड अशी तिघांची खिचडी असते. स्टेरॉइडने खाज त्याच दिवशी थांबते आणि आठवड्यात रंग खरंच उजळल्यासारखा वाटतो, म्हणून तर लोक परत येतात. दोन-तीन महिन्यांनी चेहऱ्याची कातडी कागदासारखी पातळ होते, उन्हात गेलं की आग, मुरमांचं पीक, आणि ट्यूब सोडली की दुप्पट भडका. जांघेतला नायटा असेल तर वरून दबतो आणि आतून पसरतो. २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. त्याआधी मी ती मागेल त्याला दिली आहेत, आणि त्यानंतरही काही दिवस, समोरचा ओळखीचा आहे म्हणून, दिली आहेत. आता देत नाही. दोन गिऱ्हाइकं त्यावरून तुटली, ती दुसऱ्या गल्लीतून घेतात.

हे सगळं मी थोडक्यात भावकीच्या ग्रुपवर टाकलं. फॉरवर्ड पाठवणाऱ्या चुलतभावाने अंगठा दाखवला. पुतण्याने विचारलं, "काका, मग मुठेल तरी चालेल ना?" ओठांना, टाचांना जरूर लाव म्हटलं, मुरमांवर नको. माझ्याकडे मिळत नाही, आठवडा बाजारात कोकमाची सोलं विकणाऱ्या बायका बसतात, त्यांच्याकडे विचार.