सोनेरी शिरस्त्राण आणि काकूंचे बिबडे

प्लॅस्टिकच्या जुन्या शिरस्त्राणावर रंगाचे किती थर असतील याचा अंदाज कोणी बाहेरून बघून करू नये. आमच्या धुळ्यात काय आणि कुठल्याही गावात काय, नाटकवाल्यांची एक पत्र्याची पेटी असतेच, तिचं कुलूप तुटलेलं असतं आणि आत गदा, दाढ्या, राक्षसाच्या मिशा, राणीचा हार असं सगळं एकमेकांना चिकटून बसलेलं असतं. मे महिन्यातल्या बालनाट्य शिबिरात भाच्याला सेनापतीचं काम मिळालं आणि त्या पेटीतून हे शिरस्त्राण निघालं. ते माझ्याकडे येण्याचं कारण एवढंच की मागे कधीतरी गणपतीची आरास मी बरी केली होती. गल्लीत एकदा तुमच्या हातात कला आहे असं ठरलं की संपलं, मग लोक मिक्सरसुद्धा घेऊन येतात.

"नुसतं वरून सोनेरी मारून द्या, अर्ध्या तासाचं काम आहे," शिबिराचे सर म्हणाले. अर्ध्या तासाचं काम सांगणारा माणूस स्वतः ते काम कधीच करत नसतो, हे माझं निरीक्षण आहे.

वरून मारायचं तर खालचा रंग जागेवर बसलेला पाहिजे, इथे तर बोट लावलं की पोपडा निघत होता. सुटलेल्या रंगावर नवा रंग मारला तर तो जुन्याला घेऊनच खाली येतो. म्हणजे आधी सगळा रंग काढणं आलं. आता प्लॅस्टिकवरचा रंग काढणं ही काय भानगड आहे ते ज्याने केलंय त्यालाच माहीत, कारण जे औषध रंगाला लागू पडतं तेच बहुतेक वेळा प्लॅस्टिकलाही लागू पडतं. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला म्हणाला, "थिनर मारा भाऊ, झटक्यात साफ." मी आतल्या कडेला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, कापसाने थोडं लावून बघितलं. रंग निघाला, आणि पाठोपाठ प्लॅस्टिकही निघायला लागलं. कापूस तिथेच चिकटला तो चिकटलाच, सेनापतीला आतून दाढी फुटली.

मग हे प्लॅस्टिक नक्की कुठलं ते बघणं आलं. त्याची एक सोपी टेस्ट आहे, तुटलेल्या कडेचा एक तुकडा घ्यायचा, रंग खरवडायचा आणि पाण्यात टाकायचा. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगतात, पॉलिस्टायरीन आणि एबीएस ही स्टायरीनच्या घराण्यातली प्लॅस्टिकं बुडतात. आमचा तुकडा सरळ तळाला गेला. मला बरंच वाटलं, कारण तरंगणाऱ्या जातीवर ना रंग धरत ना गोंद. तेवढ्यात आई आली. "बादलीमा काय शोधी ऱ्हायना रे?" मी म्हटलं, टेस्ट करतोय. "तुले काई काम नई का?" एवढं म्हणून ती बादली घेऊन गेली, तिला धुणं होतं.

स्टायरीनच्या घराण्यावर चालणारा एक उपाय छोटी मॉडेलं बनवणारे लोक करतात, तो म्हणजे गाडीचं ब्रेक ऑइल. ते रंगाला फुगवतं आणि या प्लॅस्टिकला सहसा काही करत नाही. हातात रबरी ग्लोव्हज घालायचे, वस्तू त्यात भिजवून झाकून ठेवायची, मग जुन्या टूथब्रशने घासायची आणि शेवटी साबणाच्या पाण्याने धुवायची. गॅरेजवाल्याकडे ब्रेक ऑइल मागितलं तर तो म्हणे कुठल्या गाडीला, मी म्हटलं शिरस्त्राणाला, त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.

आणि इथून पुढे मजा सुरू झाली. वरचा सोनेरी निघाला, त्याखाली चंदेरी. चंदेरीखाली काळा. काळ्याखाली लालभडक. एसटीतून रिटायर झालेले आमच्या शेजारचे तात्या, ज्यांनी तरुणपणी प्रत्येक नाटकात काम केलंय किंवा निदान तसं सांगितलंय, ते खुर्ची टाकून बसले आणि एकेका थराची वंशावळ सांगायला लागले. चंदेरी म्हणजे रोमन शिपाई, गॅदरिंगमधला. काळा म्हणजे यम, त्या वर्षी यमाला रेडा मिळाला नव्हता म्हणून तो सायकलवर आला होता. लाल थराशी आल्यावर तात्या थोडे गप्प झाले, मग म्हणाले, "हा माझा. रावणाचा प्रधान." लालच्या खाली आणखी एक सोनेरी होता, पण तो हिरवट तपकिरी पडलेला. पूर्वी व्हार्निशमध्ये ब्राँझ पावडर कालवून सोनेरी करायचे, त्यात तांबं आणि जस्त असतं, त्यामुळे वर्षं गेली की ते काळवंडतं नाहीतर हिरवं पडतं. ब्रश मारता मारता मी तिथपर्यंत पोचलो आणि पुढच्या बाजूला काहीतरी उठावदार लागलं. घासलं तर दोन आडव्या कुऱ्हाडी आणि एक शिडी! म्हणजे हे शिरस्त्राण मुळात शिरस्त्राण नव्हतंच, ते लहान पोरांचं खेळण्यातलं अग्निशामक दलाचं हेल्मेट होतं. कानपट्ट्या आणि वरचा तुरा नंतर कुणीतरी चिकटवलेला. यम, रोमन, प्रधान, सगळे इतकी वर्षं बंबवाल्याच्या टोपीत फिरत होते. तात्यांना हे आवडलं नाही. ते चहा न घेता गेले.

दुसरी गोष्ट अशी कळली की ते सगळं रंगानेच धरून ठेवलेलं होतं. रंग गेल्याबरोबर मधोमध तडा उघडा पडला आणि डावी कानपट्टी माझ्या हातात आली. सरांचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, सध्या सेनापतीचे दोन भाग आहेत.

तडा आणखी पुढे पळू नये म्हणून तो जिथे संपतो तिथे बारीक भोक पाडायचं असतं, हे काचेपासून पत्र्यापर्यंत सगळीकडे चालतं. मग तड्यात खायचा सोडा भरायचा आणि वर इन्स्टंट ग्लूचा थेंब सोडायचा. ते क्षणात दगड होतं, वरून डोळ्यात पाणी आणणारा धूर येतो तो वेगळाच. इथे गॅरेजवाला, जो आता रोज बघायला यायला लागला होता, म्हणाला आतून सुती कापडाची पट्टी लावा, मजबुती येईल. हा सल्ला कुणी घेऊ नये. हा ग्लू सुती कापडात मुरला की जोरात गरम होतो, चटका बसतो, धूरसुद्धा निघतो. अग्निशामक दलाच्या टोपीला आग लागायची एवढंच बाकी होतं. आतून मी एम-सील थापलं, दोन्ही गोळे सारखे घेऊन एकरंगी होईपर्यंत मळलं की ते काम चोख होतं, वजन वाढतं पण सेनापतीला थोडं वजन असावंच. वरून पेंटरची लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासायला २२० नंबरचा पॉलिश पेपर, मग पाणी लावून ४०० चा, मग ६०० चा. कुऱ्हाडी आणि शिडी लांबीखाली गेल्या.

आता रंग. स्प्रेचा डबा आणला, आधी प्लॅस्टिकवर चालणारा प्रायमर आणि मग सोनेरी. डब्यावर लिहिलेलं असतं की ५० डिग्रीच्या वर ठेवू नका, आणि मे महिन्यात खान्देशात गच्चीवर उन्हात ठेवलेली कुठली वस्तू त्याच्या खाली असते ते सांगा. सावलीतच पारा ४३-४४. दुपारी मारलेला स्प्रे वस्तूपर्यंत पोचायच्या आतच हवेत वाळतो आणि वर रवा पेरल्यासारखं खरबरीत बसतं. म्हणून पहाटे मारायचा, वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून, पातळ पातळ, हात चालता ठेवून.

पण पहाटे गच्ची माझी नव्हती. मे महिन्यात खान्देशातली कुठलीच गच्ची कुठल्याच पुरुषाची नसते. सूर्य उगवायच्या आत सगळ्या गल्लीच्या बायका वर, खाटांवर जुन्या साड्या पसरलेल्या, त्यावर ज्वारीचे बिबडे, कुरडया, पापड, बटाट्याचे चिप्स. मी कोपऱ्यात खोकं आडवं ठेवून त्याच्या आत शिरस्त्राण ठेवलं, अगदी काळजीने पहिला हात मारला, आणि नेमकी तेव्हाच वाऱ्याची झुळूक आली. रात्रभर पान हललं नव्हतं. सकाळी काकूंनी एक बिबडा उचलून उजेडात धरला. तो चमकत होता.

"भाऊ, हाई काय शे?"

मी म्हटलं, "काकू, सोन्याचा बिबडा."

आईने मध्यस्थी केली आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथे दारं-खिडक्या उघडून, तोंडाला रुमाल बांधून बाकीचे हात मारले, आणि डोकं दुखेपर्यंत सुंदर काम झालं. खरं शिरस्त्राण पोलादी असतं, मागे मानेवर कड्यांची झालर असते, ती मी जुना स्वेटर कापून केली. धुळ्याला थंडीत पारा कधीकधी सहा-सातवर येतो त्यामुळे फाटके स्वेटर घरात भरपूर, त्यावर चंदेरी मारलं की लांबून लोखंडच दिसतं, नाटकवाल्यांची ही जुनी युक्ती आहे.

सरांनी ते हातात घेतलं, फिरवून बघितलं आणि म्हणाले, "फार नवं दिसतंय हो. लढाया करून आलेला माणूस आहे तो. थोडं गंजलेलं, रक्तबिक्त लागलेलं पाहिजे." ६०० नंबरच्या पेपरने गुळगुळीत केलेल्या त्या पृष्ठभागावर त्यांनी माझ्यासमोर पोस्टर कलरचा तपकिरी आणि लाल कालवून फडक्याने फासला. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. पोस्टर कलर पाण्यात विरघळतो हे सांगायची इच्छाच राहिली नव्हती.

प्रयोगाच्या दिवशी हॉलमधले पंखे लाइटबरोबर गेले. दुसऱ्या प्रवेशात, जिथे युद्ध अजून जाहीरसुद्धा झालेलं नव्हतं आणि सेनापती नुसता राजाला मुजरा करायला आला होता, तिथे भाच्याच्या कपाळावरून लाल ओघळ सुरू झाले. ते नाकावरून हनुवटीपर्यंत आले. पोरगा हुशार, त्याने ते पुसले नाहीत, "महाराज, शत्रू वेशीपर्यंत आला आहे" हे वाक्य जरा अडखळत म्हटलं. हॉल शिट्ट्यांनी भरून गेला. मागून कुणीतरी ओरडलं, "वा रे पठ्ठे!" राजा झालेला मुलगा घाबरून सिंहासनावरून उठला.

सर विंगेत माझा हात घट्ट धरून उभे होते. "पुढच्या प्रयोगालाही हेच ठेवायचं," ते म्हणाले, "फक्त ओघळ दोन्ही बाजूंनी सारखे येतील असं काही करता येईल का बघा, अर्ध्या तासाचं काम आहे."