गार इंजिनाचा आवाज गरम झाल्यावर कसा ऐकू येणार?

थंडीत सकाळी गाडी चालू केली की बॉनेटखालून टक-टक-टक. दोन मिनिटांत गायब! गॅरेजला पोहोचेपर्यंत इंजिन तापलेलं, मग मेकॅनिक विचारतो, "आवाज कुठंय?" अहो, गार ऑइल घट्ट असतं, व्हॉल्व्ह हलवणाऱ्या टॅपेटपर्यंत चढायला वेळ लागतो, तोवर ते टकटकतात. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणारा नळ्यांचा जोड, गळत असेल तर तापल्यावर धातू प्रसरण पावून फट बुजते. मग दुपारी काय कप्पाळ ऐकू येणार? रात्रभर गाडी ठेवून घ्या, सकाळी स्वतः स्टार्टर मारा, एवढंच मागतोय ना! पण नाही. न ऐकताच बेल्ट बदलला. बेल्ट किंचाळतो हो, टकटकत नाही! आत पातळ ५डब्ल्यू-३० ऑइल आहे की घट्ट २०डब्ल्यू-५०, हे तरी कुणी विचारलं? आज सकाळी नवा बेल्ट, आणि पुन्हा तेच टक-टक-टक.