तुम्ही तुम्हीच कशावरून?

संगणकाचा माझ्यावर काडीचा विश्वास नाही. रोज तोच चेहरा, तीच बोटं, तरी त्याचं आपलं एकच पालुपद: तुम्ही तुम्हीच कशावरून? या प्रश्नाला तो तीनच प्रकारची उत्तरं चालवून घेतो. ठाऊक असलेलं काही सांगा, जवळ असलेलं काही दाखवा, नाहीतर स्वतःच्या देहाचा एखादा भाग पुढे करा.

ठाऊक असलेलं म्हणजे पासवर्ड. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या सामाईक संगणकावर तो आला आणि १९६२ साली अॅलन शेर या संशोधकाने सगळ्यांच्या पासवर्डची यादीच छापून घेतली. त्याला संगणकावर जास्त वेळ हवा होता, बस्स! तेव्हापासून आपण एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह असा नवस फेडतोय. मोठं अक्षर सुरुवातीला, आकडा शेवटी, हे चोराच्या सॉफ्टवेअरलाही पाठ असतं. त्यापेक्षा चार-पाच असंबद्ध शब्दांची लांबलचक माळ बरी. पुढे ‘तुमची पहिली शाळा कोणती?’ असं विचारतात, त्याला लोक दुसरं कुलूप समजतात. कसलं दुसरं? तेही ठाऊक असलेलंच, आणि शाळेतल्या अख्ख्या वर्गाला ठाऊक असलेलं.

जवळची वस्तू म्हणजे बहुतेकदा फोन. एसएमएसवरचा ओटीपी सगळ्यांत कच्चा, कारण कंपनीला गंडवून कोणी तुमच्या नंबरचं सिम काढलं की ओटीपीही त्याच्याकडेच जातो. असे कोड तयार करणाऱ्या ऑथेंटिकेटर अॅपमधला सहा आकडी कोड बरा. अॅप आणि सर्व्हर, दोघांकडे एकच गुप्त संख्या असते. तिच्यात चालू वेळ कालवून दर ३० सेकंदांनी नवा कोड निघतो, म्हणून नेटवर्क नसतानाही तो मिळतो. पण फोनचं घड्याळ दोन-तीन मिनिटं चुकलं, की अचूक टाइप केलेला कोडही चूक ठरतो आणि माणूस उगाच स्वतःच्या बोटांना दोष देतो. वेळ ‘ऑटोमॅटिक’वर ठेवली की भागतं. फोन हरवला तर उपयोगी पडावेत म्हणून बॅकअप कोड देतात. त्यांचा स्क्रीनशॉट काढून लोक तो त्याच फोनमध्ये ठेवतात.

राहता राहिला देह. बोटाच्या रेषांमधले उंचसखल भाग अनेक सेन्सर विद्युतभारावरून ओळखतात. ओल्या बोटावर खाचांमध्ये पाणी भरतं आणि सगळं सपाट दिसतं. बोट पुसावं, एकच बोट दोनदा नोंदवून ठेवावं. तरी पाचेक वेळा नाकारलं, की यंत्र शेवटी पिन मागतं, म्हणजे घोडं पुन्हा पाठांतरावर.

या सगळ्यात मला पटते ती सिक्युरिटी की, म्हणजे संगणकाला जोडायची पेनड्राइव्हसारखी छोटी किल्ली. ब्राउझर तिला समोरच्या साइटचा पत्ता कळवतो आणि ती नोंदवलेल्या पत्त्यासाठीच डिजिटल सही करते. साइट बनावट असेल तर तुम्ही कितीही भाबडेपणाने बटण दाबा, खरी सही तिला मिळत नाही. मात्र दोन घ्याव्यात, दोन्ही नोंदवाव्यात आणि वेगवेगळ्या जागी ठेवाव्यात. लोक दोन्ही एकाच जुडग्यात अडकवतात.